हॉकींतील होतकरू आघाडीवाल्याची पारख

जळगांवाहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नशिराबाद लागतें. या भागांतील जुन्या केळी-बागाइतदारास मुनव्याची निवड कशी करावी, हें पुस्तकांत पाहावें लागत नसे. प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपें मिळूं लागण्यापूर्वीं सारी बाग मुनव्यांवरच उभी राही. एकाच झाडाच्या बुंध्याशीं दोन प्रकारचे मुनवे फुटतात. एकाचीं पानें रुंद व पाहतांच डोळ्यांत भरणारीं. दुसऱ्याचीं निमुळतीं, तलवारीच्या पात्यासारखीं. नवखा मनुष्य पहिल्यास हात घालतो, जाणता दुसरा उचलतो. कारण निमुळत्या पानांचा मुनवा मूळ कंदाशीं घट्ट जोडलेला असून त्याचा स्वतःचा कंदहि भरदार असतो. रुंद पानांच्या मुनव्याचा सांधा मात्र वरवरचा. हॉकीच्या होतकरू आघाडीवाल्याची पारख करतांना बहुधा हीच चूक घडते. पानें पाहिलीं जातात. कंद पाहावयाचा राहून जातो.

हा प्रश्न केवळ हौशी प्रेक्षकांच्या गप्पांचा नाहीं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या सामन्यांत चार गोल करतो, आणि ‘हा देशासाठीं खेळणार’ असें कोणी तरी बोलून जातो. त्या एका वाक्यानें घरांत दोन तट पडतात. कॉलेज सोडून त्यानें खेळावरच विसंबावें, असें मुलास वाटतें. वडिलांस त्याच्या पोटापाण्याची काळजी. निकाल घाईनें लागला तर आयुष्यांतील मोलाचीं वर्षें वायां जातात. भीतीपोटीं लागला तर एक खरा गुण जागच्या जागीं सुकतो.

प्रथम पाहावयाचें तें वय आणि वाढ. ज्याची वाढ लवकर झाली, तो मुलगा बरोबरीच्या सोबत्यांना धांवण्यांत व ताकदींत सहज मागें टाकतो. दोन वर्षांनीं सोबती त्यास गांठतात. आणि आजवर ताकदीनेंच काम भागल्यामुळें कसब शिकण्याची त्यास गरजच पडलेली नसते. वयोगटांच्या सामन्यांत आणखी एक गोष्ट घडते. जन्मतारखेच्या मर्यादेलगत जन्मलेला मुलगा त्याच गटांतील दुसऱ्यापेक्षां जवळजवळ वर्षभरानें मोठा असूं शकतो. असे थोरले मुलगे निवडींत अधिक संख्येनें येतात, हें अनेक खेळांत दिसून आलें आहे. तेव्हां ‘किती जोरानें धांवतो’ या प्रश्नाआधीं ‘किती वाढला आहे’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट गोलांची. गोल मोजणें सोपें असतें, म्हणूनच तें फसवें. पेनल्टी कॉर्नरवर ठोकलेला गोल आणि चालत्या खेळांतून साधलेला गोल यांचा हिशेब एका वहींत मांडूं नये. वर्तुळाच्या आंतून मारल्याशिवाय गोल धरला जात नाहीं, आणि तें वर्तुळ गोलापासून अवघ्या १६ यार्डांवर आंखलेलें. गोलाची रुंदी १२ फूट. तेव्हां खरा प्रश्न तेथें तो पोहोंचतो कसा, हा. चेंडू येण्यापूर्वीं तो मान वळवून मागें पाहतो काय? पहिल्या स्पर्शाबरोबर चेंडू गोलाच्या दिशेस वळतो, कीं पायांतच घोटाळतो? चेंडू जवळ नसतां तो सोबत्यासाठीं जागा मोकळी करतो काय? आणि चेंडू हिरावला गेल्यावर तो कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, कीं उलट वळून धांवत सुटतो? या प्रश्नांचीं उत्तरें गुणफलकावर लिहिलेलीं नसतात. तीं मैदानाच्या कडेला सत्तर मिनिटें उभें राहूनच मिळवावीं लागत. सामना १५ मिनिटांच्या चार डावांचा झाल्यापासून साठ मिनिटें.

महाराष्ट्रांतील सर्वांत ठळक उदाहरण धनराज पिल्ले यांचें. त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजीं पुण्याजवळच्या खडकी येथें झाला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतींतील मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडें मातीच्या मैदानावर खेळत. पुढें थोरले बंधु रमेश यांच्या पाठोपाठ धनराज मुंबईस आले. १९८९ सालीं ते भारताकडून प्रथम खेळले, तेव्हां वय एकवीस. शिडशिडीत बांधा आणि तापट स्वभाव ही त्यांचीं वरून दिसणारीं पानें. कंद निराळाच होता. १९९२ ते २००४ या काळांत चार ऑलिंपिक आणि १९९० ते २००२ या काळांत चार विश्वचषक ते खेळले. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई खेळांत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें ३२ वर्षांनीं सुवर्णपदक मिळविलें. आणि त्यानंतर त्यांसच संघांतून वगळण्यांत आलें. दुसरा एखादा तेथेंच संपला असता. ते २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकांत पुन्हां मैदानांत होते, आणि २००३ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं संघास आशिया चषक जिंकून दिला. धांव पुष्कळांस असते; वगळल्यानंतर परत येण्याची चिकाटी थोड्यांनाच.

अर्थात् सर्वांची वाट एकाच वयांत उजळत नाहीं. महंमद शाहिद विसाव्या वर्षीं मॉस्कोच्या ऑलिंपिकांत सुवर्णपदक विजेत्या संघांत होते. उलट, ध्यानचंद यांच्या हॉकीस खरी सुरुवात १९२२ सालीं लष्करांत भरती झाल्यानंतर झाली. शिवाय खेळहि बदलत जातो. १९७६ सालीं ऑलिंपिकांत कृत्रिम गवत आलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत ऑफसाइडचा नियम गेला. मातीवर शोभणारें कसब गवतावर पुरेलच असें नाहीं. म्हणून मुलगा आज काय करतो याहून नवी गोष्ट किती लवकर शिकतो, हें अधिक मोलाचें.

यावरून घरांतील वडील माणसांनीं काय घ्यावें? एका सामन्यावरून निकाल देऊं नये. निदान दोन हंगाम पाहावें. चांगल्या दिवसापेक्षां वाईट दिवसाकडे अधिक लक्ष द्यावें. हरल्यानंतरच्या आठवड्यांत तो सरावास वेळेवर जातो काय, हें आईला कोणत्याहि परीक्षकाहून चांगलें कळतें. आणि शिक्षण तोडूं नये. भारतांत हॉकीपटूंस आधार दिला तो मुख्यतः रेल्वे, लष्कर, पोलीस आणि मोठे कारखाने यांच्या नोकऱ्यांनीं. नशिराबादेच्या शेजारचें भुसावळ तर रेल्वेचेंच गांव. पदवी हातीं असलेल्या खेळाडूचा गुडघा दुखावला, तरी त्याचें आयुष्य लंगडत नाहीं.

मुनवा लावल्यावर बागाइतदार रोज माती उकरून मूळ पाहत नाहीं. तो पाणी देतो, तण काढतो आणि वाट पाहतो. घड किती मोठा येईल, हें त्या दिवशीं त्यालाहि सांगतां येत नाहीं. परंतु कोणता मुनवा लावला, हें तो पक्कें जाणतो.