घराला एक देवळी हवी

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फ्लॅट बुश, हॉब्सनविल पॉइंट, पापाकुरा अशा ठिकाणी नवी घरं घेतली. वास्तुशांतीची जेवणंही भरपूर झाली, त्याबद्दल सर्व यजमानांचे आभार! पण खरं सांगा, डोळे बांधून तुम्हाला यातल्या एखाद्या घरात नेऊन सोडलं, तर ते कोणाचं घर आहे हे ओळखता येईल? पांढऱ्या भिंती, करडा गालिचा, करडा सोफा. आमच्या भाषेत सांगायचं तर बिल्डरने दिलेलं डिफॉल्ट सेटिंग आपण बदललेलंच नाही.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, 'रीसेल व्हॅल्यू'. म्हणजे तीस वर्षं कर्ज आपण फेडायचं आणि भिंतीचा रंग मात्र अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा! त्या अनोळखी माणसासाठी कित्येक घरांत देवही टॉवेल-चादरींच्या कपाटात गेले आहेत. भारतातून आलेले आई-बाबा सकाळी कपाटाचं दार धरून, उभ्याउभ्या पूजा उरकतात. बोलत काही नाहीत. ते न बोलणंच जास्त लागतं.

घरं एकाच वेळी, एकाच योजनेत बांधली म्हणून ती एकसारखीच व्हावीत असं काही नाही. न्यूझीलंडमधलं पहिलं 'स्टेट हाऊस' १९३७ साली वेलिंग्टनच्या मिरामारमध्ये उघडलं. पंतप्रधान मायकल जोसेफ सॅव्हेज यांनी भाडेकरूंचं जेवणाचं टेबल उचलून आत न्यायला स्वतः हात लावला होता. त्या योजनेत हजारो घरं झाली, पण शेजारशेजारची घरं एकसारखी दिसू नयेत याची काळजी घेतली गेली. सरकारी योजनेला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

आता कोणी म्हणेल, आमच्या वसाहतीत कव्हेनंट आहे. बाहेरचा रंग, कुंपण, सगळ्याला नियम. मान्य. पण आतल्या भिंती आपल्याच आहेत ना? म्हणून माझी सूचना एकच : घरात एक देवळी करा.

आपल्याकडच्या वाड्यांत जाड भिंतीत दिव्यासाठी कोनाडा ठेवलेला असायचा, तीच देवळी. इथल्या लाकडाच्या भिंतीत ती कशी होणार? उलट जास्त सोपी आहे! इथली आतली भिंत म्हणजे उभे लाकडी खांब, ज्यांना स्टड म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना प्लास्टरबोर्ड. स्टड साधारण ९० मिलिमीटर जाडीचे. एकापासून दुसरा बहुधा ४०० किंवा ६०० मिलिमीटरवर. मधली जागा बहुतेक मोकळीच. एका बाजूचा बोर्ड कापला, आत लाकडी चौकट बसवली, की छोट्या मूर्तींपुरती देवळी तयार.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. एक, बाहेरच्या भिंतीला हात लावू नका. तिच्यात इन्सुलेशन असतं. दोन, हा भूकंपाचा देश. काही आतल्या भिंती घराला हादऱ्यात ताठ धरण्यासाठी असतात, त्यांना ब्रेसिंग म्हणतात. त्या नकाशावर दाखवलेल्या असतात. वायरी आणि पाइप कुठून गेलेत तेही पाहावं लागतं. म्हणून आधी जाणकाराला विचारा. (मी कॉम्प्युटर इंजिनियर, माझ्या शब्दावर भिंत कापू नका!) तीन, देवळीत तेलाचा दिवा नको. तिथे विजेचा छोटा दिवा लावा आणि समई खाली ताटात, मोकळ्या जागेत ठेवा. स्मोक अलार्म वाजतो म्हणून काढून ठेवू नका.

देवळीसमोर पाट मांडण्याएवढी जागा सोडा. जवळ उत्तरेची खिडकी असेल तर तुळशीची कुंडी तिथे ठेवा. इथला सूर्य उत्तरेकडून फिरतो, आणि हिवाळ्याच्या गारठ्यात बाहेरची तुळस तग धरत नाही. देव मानत नसाल तर देवळीत आजीचा अडकित्ता ठेवा, आजोबांचा तबला-हातोडा ठेवा. मुलं विचारतील, हे काय? मग सांगायला लागेल. नुसत्या पांढऱ्या भिंतीबद्दल कोणतं मूल काय विचारणार?

आणि रीसेल? उद्या घर विकलंच, तर नवा मालक तिथे फुलदाणी ठेवेल. नाही आवडली देवळी, तर बोर्डाचा तुकडा लावून बुजवेल. तोवर निदान आई-बाबांना पाटावर बसून पूजा करता येईल.

पुढच्या दिवाळीत फराळाला बोलवाल तेव्हा आधी देवळी दाखवा, मग चकली द्या.