एका शिपायाचे नाव



मरणोत्तर सन्मानाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा सेनापती उभा राहतो. निदान छातीवर शौर्यपदक असलेला एखादा वीर तरी. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला मनुष्य या दोहोंपैकी कोणीच नव्हता. बुक्कम सिंग हे त्याचे नाव. पंजाबातून कॅनडात गेलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून लढला, आणि वयाची सव्विशी पूर्ण होण्यापूर्वीच मरण पावला. त्यानंतर त्याचे नाव लोकांपुढे येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. हा विलंब कशामुळे झाला, हे समजून घेतल्याखेरीज त्याच्या सन्मानाचा अर्थ उलगडत नाही.

बुक्कम सिंग यांचा जन्म १८९३ साली होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूर येथे झाला. तत्कालीन रूढीप्रमाणे त्यांचा विवाह बालपणीच, १९०३ मध्ये झाला. १९०७ साली, कोवळ्या वयातच, ते ब्रिटिश कोलंबियात दाखल झाले. लाकूड कापण्याच्या गिरण्या, खाणी आणि रेल्वेची कामे यांच्या आशेने त्या काळी पंजाबचे अनेक शेतकरी पॅसिफिक महासागर ओलांडून तेथे पोहोचत होते. परंतु त्याच वर्षी त्या प्रांताने भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. १९०८ मध्ये कॅनडाच्या सरकारने असा हुकूम काढला की, मायदेशाहून वाटेत कोठेही न थांबता थेट आलेल्या प्रवाशालाच कॅनडाच्या भूमीवर उतरता येईल. भारतातून अशी थेट बोट उपलब्ध नव्हती. शिवाय येणाऱ्या प्रत्येक भारतीयाजवळ दोनशे डॉलर असलेच पाहिजेत, अशीही अट घालण्यात आली. हुकमात भारताचा नामोल्लेख नव्हता. तथापि दार कोणासाठी बंद झाले, हे उघड होते. जे पुरुष आधी पोहोचले होते त्यांना आपल्या बायकामुलांना आणणे अशक्य झाले. बुक्कम सिंग यांचा संसारही अशाच रीतीने मांडला जाण्यापूर्वीच थांबला.

१९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ ही आगबोट ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरच्या बंदरात आली. प्रवासी ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. तरीही दोन महिने बोट पाण्यातच अडवून ठेवण्यात आली, आणि मोजके प्रवासी वगळता सर्वांना परत पाठविण्यात आले. या घटनेला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, १९१५ च्या वसंतऋतूत, बुक्कम सिंग यांनी ऑन्टारिओत सैन्यात नाव नोंदविले. कॅनडात सक्तीची सैन्यभरती १९१७ मध्ये आली. म्हणजे ते गेले ते स्वेच्छेने. ज्या देशाने त्यांना मत नाकारले होते आणि कुटुंबाचा सहवासही नाकारला होता, त्याच देशाचा गणवेश त्यांनी अंगावर चढविला. त्या युद्धात कॅनडाच्या सैन्यात लढलेल्या ज्या शिखांची नावे पुढे हाती लागली, ती जेमतेम दहा आहेत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय साम्राज्याच्या सेवेत होते. परंतु ते ब्रिटिश हिंदी सैन्याच्या स्वतःच्या पलटणींत, आपल्या भाषेच्या आणि आपल्या रीतीभातीच्या माणसांबरोबर होते. त्या सैन्याच्या पायदळी डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे निघाल्या. १९१६ च्या आरंभी बुक्कम सिंग जेव्हा कॅनडाच्या विसाव्या बटालियनमधून आघाडीवर गेले, तेव्हा खंदकात त्यांच्या बोलीत बोलणारे कोणी असण्याचा संभव फारच थोडा होता. फ्लँडर्समध्ये ईप्रच्या परिसरात चिखल, तोफखाना आणि विषारी वायू यांच्या छायेत हे सैनिक दिवस काढीत होते. जून महिन्यात त्यांच्या डोक्याला जखम झाली. बरे होऊन ते पुन्हा आघाडीवर आले, तो जुलैमध्ये पायाला गोळी लागली. शौर्य हा शब्द आपण सहसा एखाद्या झंझावाती क्षणासाठी राखून ठेवतो. जखम भरताच, काय वाढून ठेवले आहे हे पुरते ठाऊक असताना, त्याच खंदकात पुन्हा पाऊल टाकणे हेही शौर्यच होय.

दुसऱ्या जखमेनंतर त्यांच्यावर उपचार झाले ते कॅनडाच्या ज्या लष्करी रुग्णालयात, तेथे डॉ. जॉन मॅक्रे काम करीत होते. युद्धात पडलेल्यांची आठवण म्हणून लाल पॉपीचे फूल लावण्याची प्रथा ज्या कवितेतून उगम पावली, तिचे हे कवी. पुढे इंग्लंडमध्ये असताना बुक्कम सिंग यांना क्षयाने गाठले. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. त्यांना कॅनडात परत आणण्यात आले, आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी किचनर शहरातील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. शीख परंपरा अग्निसंस्काराची. परंतु त्यांचे दफन तेथील माउंट होप दफनभूमीत लष्करी इतमामाने झाले. दोन्ही महायुद्धांतील शीख कॅनेडियन सैनिकाचे कॅनडाच्या भूमीवरील ज्ञात असलेले हे एकमेव थडगे आहे. ते पाहण्यास येणारे कोणी आप्त त्या देशात नव्हते, कारण आप्तांना येण्याची वाटच बंद होती. विस्मृतीचे मूळ येथे आहे.

२००७ साली लंडनमधील गहाणवटीच्या एका दुकानात एका अभ्यासकाला एक पदक मिळाले. ते युद्धातील विजयपदक होते. युद्धभूमीवर सेवा केलेल्या लक्षावधी सैनिकांना मिळालेले, धातूच्या दृष्टीने फारशी किंमत नसलेले. परंतु अशा पदकाच्या कडेवर ज्याला ते दिले त्याचे नाव कोरलेले असते, आणि या कडेवर शीख नाव असून सैन्य मात्र कॅनडाचे होते. त्या धाग्यावरून भरतीची कागदपत्रे, रुग्णालयाच्या नोंदी आणि अखेरीस थडगे, असा शोध लागत गेला. त्यानंतर दरवर्षी नोव्हेंबरमधील स्मरणदिनाच्या सुमारास तेथे लोक जमू लागले, आणि पॉपीच्या फुलांनी त्या शिळेला मानवंदना मिळू लागली.

हा सन्मान उचित आहे, यात शंका नाही. तरीही त्यात एक धोका संभवतो. बुक्कम सिंग यांची निष्ठा तेवढी सांगावयाची आणि त्यांच्यावर लादलेले कायदे वगळावयाचे, तर गौरव त्यांचा न होता देशाचाच होतो. कॅनडातील भारतीयांना मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये. ‘कोमागाता मारू’ प्रकरणी पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली ती २०१६ मध्ये. या दोन्ही गोष्टी त्या थडग्यापाशी आवर्जून सांगितल्या पाहिजेत, कारण त्याही त्याच इतिहासाचा भाग आहेत. ज्याने देशाला आपले मानले त्याला देशाने आपले केव्हा मानले, हा प्रश्न कॅनडापुरता मर्यादित नाही. परक्या मुलखातून आलेली माणसे जेथे जेथे शेतात, कारखान्यात आणि सैन्यात राबतात, तेथे तेथे तो विचारला जाणारच. त्याचे उत्तर माणूस जिवंत असताना दिले गेले, तर त्याच्या नावासाठी पुढच्या पिढ्यांना गहाणवटीच्या दुकानापर्यंत जावे लागणार नाही.