दाण्यांची कोंडी

पिठाच्या गिरणीवर आपण सर्वजण गेलेले आहोत. वरच्या हॉपरात दळण ओतले की ते आपोआप खाली उतरते. पण जरा दमट असले की मध्येच अडते. मग गिरणीवाला हॉपरला दोन थपडा देतो आणि काम पुढे चालू होते. गिरणीत हे ठीक. पण पाच-सहा पुरुष उंचीच्या पत्र्याच्या कोठीत धान्य असेच अडले तर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गोदामात तसे झाले. ओल्या सोयाबीनने वर कमान धरली, खाली पोकळी. एक हमाल बांबू घेऊन आत उतरला. कमान ढासळली आणि गडी छातीपर्यंत गाडला गेला. वाचला बिचारा. तो माझ्या एका विद्यार्थ्याचा चुलता. पोराने विचारले, "सर, कोठीच्या तळाचा उतार किती ठेवला असता म्हणजे माल अडला नसता?" मी गणिताचा एम. ए.; मला सांगता येईना.

दाण्यांचा स्वभावच निराळा. टाकीत पाणी जितके उंच, तितका तळाशी दाब जास्त. धान्याचे तसे नाही. काही उंचीनंतर तळाचा दाब जवळजवळ वाढतच नाही, कारण घर्षणामुळे भिंती भार उचलतात. जॅन्सेन या जर्मन इंजिनियराने हे 1895 साली मांडले. पुढे 1979 साली कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी जी रीत प्रसिद्ध केली, ती अशी: सबंध राशीचे एक समीकरण शोधत बसू नका, दाणा न् दाणा वेगळा धरा. दोन दाणे टेकले की मध्ये स्प्रिंग आहे असे समजा, घर्षण द्या, आणि न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाची पुढची जागा काढा. हा हिशेब संगणक न कंटाळता लाखो वेळा करतो.

एक फुकट मिळणारी प्रणाली घेऊन आम्ही दोघे शिकायला बसलो. पहिल्याच दिवशी पडद्यावरचे दाणे लाह्यांसारखे उडाले! दोन हिशेबांमधला काळ आम्ही फार मोठा धरला होता. तो सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही बारीक करावा लागला. मग दाणे पाण्यासारखे वाहू लागले. तेही खोटेच. पडद्यावरचे गोल चेंडू बिनदिक्कत घरंगळतात. खरा दाणा अडखळतो, ओला असला की चिकटतो.

हे किती, ते कसे ठरवायचे? येथे शिक्षक बंधुभगिनींनी लक्ष द्यावे, कारण हा प्रयोग शाळेत होण्याजोगा आहे. दोन्ही तोंडे उघडा डबा जमिनीवर उभा ठेवून दाण्यांनी भरा व हळूच वर उचला. रास पडेल, तिचा उतार मोजा. पडद्यावर तशीच रास पडेपर्यंत घर्षणाचे आकडे बदलत राहायचे. पण यात फसगत आहे. घर्षण जास्त नि चिकटपणा कमी, किंवा उलट, दोहोंनी रास तीच पडू शकते! म्हणून दुसरी परीक्षा: भोकाच्या भांड्यातून दाणे रिकामे व्हायला किती सेकंद लागतात, तेही जुळले पाहिजे.

आमचे जुळायला सहा महिने गेले. पडद्यावर उतार वाढवला तशी कमान कमी धरू लागली. खालचे तोंड रुंद केल्यावर धरीनाशी झाली. ते चित्र आम्ही गोदामवाल्यांना दाखवले. नवा तळ बसवायचा तर पैसे लागतात, पुढच्या साली पाहू, म्हणाले. तोवर आत कोणी उतरायचे नाही, एवढे मात्र त्यांनी कोठीच्या दारावर रंगवून घेतले.