गच्चीची गॅरंटी आणि हरवलेलं पत्र
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



अकरा वर्षं मी सचिव होतो. आज रंगकाम, लिफ्ट यांबद्दल न बोलता एका ई-मेलबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीचं पाणी उतरलं, आठवतंय ना? कंत्राटदार म्हणाला, "गॅरंटी पाचच वर्षांची होती, संपली." मला पक्कं आठवत होतं, दहा! पण कागदांची फाईल त्याच गळतीत भिजलेली. नवं काम म्हणजे घरटी वर्गणी. ई-मेल तेवढ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या होत्या, हजारोंनी. तीन रात्री एकेक उघडून पाहिली. डोळे दुखले, पत्र काही मिळालं नाही.

शेवटी बी विंगमधल्या एका इंजिनिअर मुलानं 'नॉटमच' हा मोफत प्रोग्राम बसवला. कार्ल वर्थ यांनी तो २००९ साली सुरू केला. मुलगा म्हणाला, "काका, जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर? तसंच हे. प्रोग्राम सगळी पत्रं एकदाच वाचून सूची करतो. मग शोधताना पत्रं चाळायची नाहीत, फक्त सूची बघायची."

मी 'गच्ची' टाकलं. हवं ते पत्र आलंच नाही! कारण त्यात 'गच्चीवरील' असं लिहिलेलं. आपल्याला तो एकच शब्द, सूचीला दोन वेगळे. त्यानं 'गच्ची'ला जोडून पुढे तारांकन टाकलं, म्हणजे 'गच्ची'ने सुरू होणारे सगळे शब्द. क्षणात पत्र हजर! विषयाच्या जागी नुसतं 'नमस्कार', आणि आत स्वच्छ लिहिलेलं, गॅरंटी दहा वर्षं. कंत्राटदारानं मुकाट्यानं काम करून दिलं.

जाता जाता नव्या समितीला तीन गोष्टी सांगतो. ई-मेलच्या विषयात काम आणि फ्लॅट नंबर लिहा. कागदाचा नुसता फोटो जोडलात तर त्यातले शब्द या सूचीत येत नाहीत, म्हणून मुख्य मजकूर पत्रातही टाइप करा. आणि सूची बिघडली तर पुन्हा करता येते, पत्रं गेली तर गेलीच. तेव्हा त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा. शक्यतो वरच्या मजल्यावर नको!