कारागिराचे नाव आणि संकेतस्थळाचे भाडे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजचा विषय आपल्या परंपरागत धंद्याचाच आहे. मात्र तो ऐरणीवरचा नसून संगणकावरचा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगावाला लोक 'रजतनगरी' म्हणतात. तेथील चांदीच्या शुद्धतेचा लौकिक दूरवर पसरलेला आहे. परंतु हा लौकिक पेढीच्या वाट्याला येतो. समई वा मूर्ती ज्याच्या हातून घडली, त्याचे नाव गिऱ्हाइकाच्या कानी क्वचितच जाते. म्हणूनच कारागिराचे स्वतःचे संकेतस्थळ, अर्थात वेबसाइट, असावी असे आपले तरुण म्हणतात, आणि ते रास्त आहे. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि येथील कापसाला मुंबईची वाट सुलभ झाली. संकेतस्थळ हाही तसाच एक फाटा होय. प्रश्न एवढाच की, त्याचे भाडे किती व कशासाठी द्यावे?

विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय इत्यादी कंपन्या संकेतस्थळ उभारण्याची साधने व जागा भाड्याने देतात. त्यांच्या योजनांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला फुकटचा. विक्स व वर्डप्रेस डॉट कॉम यांच्याकडे तो मिळतो. परंतु पत्त्यात नाव कंपनीचे राहते आणि पानावर जाहिरातही तिचीच झळकते. शिकण्यापुरता तो उत्तम. पण आपले नाव पुढे आणण्याचा मूळ हेतू तेथेच फसतो.

दुसरे टोक म्हणजे दुकानाची योजना. गिऱ्हाइकाने वस्तू निवडावी, जागच्या जागी पैसे भरावेत, अशी तिची रचना असते. ती मोहक आहे. पण हिशेब करून पाहा. समजा, एका भांड्याची किंमत 10,000 रुपये आहे. त्यात चांदी 8,500 रुपयांची आणि घडणावळ 1,500 रुपयांची. विक्रीवर 2 टक्के कापले गेले, तर 200 रुपये जातात. ही कपात चांदीसह पूर्ण किमतीवर होते. आपली कमाई मात्र घडणावळीचीच. म्हणजे मजुरीतला सुमारे आठवा हिस्सा गेला! शिवाय चांदीचा भाव रोज हलतो. आज छापलेली किंमत उद्या तोट्याची ठरू शकते.

म्हणून माझे मत मधल्या, साध्या सशुल्क योजनेकडे झुकते. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा; 2014 पासून देवनागरीत '.भारत' असा पत्ताही मिळतो. पानावर वस्तूचे स्वच्छ छायाचित्र, वजन, शुद्धता, घडणावळ आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा. भाव त्या दिवशीचा सांगावा आणि पैसे यूपीआयने किंवा बँकेतून घ्यावेत. ज्यांच्या मालात चांदी थोडी व कलाकुसर अधिक, त्यांनी मात्र ठराविक किंमत लावून दुकानाची योजना अवश्य पाहावी. तेथे ती परवडू शकेल.

योजना घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दुसऱ्या वर्षी दर काय? पत्त्याची नोंद कोणाच्या नावे? ती कारागिराच्याच नावे हवी. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या भाच्याच्या किंवा मित्राच्या नावे नको. आणि बिऱ्हाड हलवायचे झाल्यास सामान नेता येईल काय? वर्डप्रेसमधील मजकूर दुसरीकडे नेता येतो. विक्सवर बांधलेले स्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. छायाचित्रांची प्रत आपल्या घरी ठेवावीच.

बंधुभगिनींनो, कंपन्या बदलतील, दर बदलतील. पण चांगल्या कामाखाली कारागिराचे नाव असावे, हा न्याय बदलणार नाही. त्या नावाचे भाडे जरूर द्यावे. नाव मात्र गहाण टाकू नये.