छर्ऱ्यांची डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी कोणीतरी घरच्या अनुभवातील चार गोष्टी सांगावयाच्या, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. कोणी वर्षाचा मसाला कसा टिकवावा ते सांगते, कोणी बचतगटाचा हिशेब सांगते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमची मुलगी नेमबाजी करते, तेव्हा तुम्ही त्यावर बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मला बंदुकीतले काय कळणार?" त्या म्हणाल्या, "बंदुकीतले राहू द्या, खरेदीतले सांगा." खरेदी मला कळते, असा माझा समज होता खरा. तो समज कसा उतरला तेच आज सांगणार आहे.

आपल्या कोल्हापुरात मुलगी नेमबाजीला जाते म्हटले तर आता कोणी तोंडात बोट घालीत नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफलीत सुवर्णपदक मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळविले. आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक आणले, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले होते. तरीसुद्धा आमच्या मुलीने नाव घातले तेव्हा सासूबाई म्हणाल्याच, "पोरीच्या जातीला बंदूक कशाला?" पुढे त्याच देवापुढे साखर ठेवू लागल्या, ती गोष्ट निराळी.

प्रथम हे सांगते, की माझी मुलगी चालविते ती हवेची रायफल. तिच्यात बारूद नसते. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा एक बारीक छर्रा सुटतो. मुले त्याला पेलेट म्हणतात. निशाण १० मीटरवर असते आणि त्याच्या मधोमध असलेला दहाचा ठिपका किती? केवळ अर्धा मिलिमीटर! म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान. मुलींना ६० गोळ्या मारावयाच्या असतात आणि वेळ सव्वा तास. दहाच्या आतही पुन्हा दशांश मोजतात, १०.९ पर्यंत. छर्रा पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गेला. सगळ्या गोळ्या अगदी मधोमध लागल्या तर ६५४ गुण होतात.

छर्रा जवळून पाहिला तर डमरूसारखा दिसतो. पुढचे डोके सपाट, मध्ये कंबर, आणि मागे पोकळ घेर, अगदी परकरासारखा. स्पर्धेसाठी डोके सपाटच हवे. त्याने कागदाला गोल, स्वच्छ भोक पडते आणि गुण नीट मोजता येतात. टोकदार किंवा गोल डोक्याच्या छर्ऱ्याने कागद फाटतो. मागचा घेर फार नाजूक असतो. हवा त्यात भरते आणि तो नळीला घट्ट बसतो. तो घेर चेपला की छर्रा वाकडा निघालाच म्हणून समजा.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी जुनी पण चांगली रायफल घेतली. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या मोडल्या. त्याचे मला दुःख नाही. परंतु पाटल्या गेल्यावर महिन्याचा खर्च डोळ्यांत खुपू लागला. ५०० छर्ऱ्यांची एक डबी आठवड्याभरात संपे. हे फौंड्रीत टर्नर आहेत. पगार ठरलेला, त्यात धाकट्याची फी, सासूबाईंची औषधे. मी मनात म्हटले, शिसे ते शिसे, त्यात काय एवढे महाग? एका दुकानात दुसऱ्या जातीचे छर्रे जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाले. डोके सपाटच होते, आकडाही ४.५ चाच होता. मी ते आणले.

इथपर्यंत चूक नव्हती. पुढे जे केले ते मात्र आज सांगतानाही खाली पाहावेसे वाटते. मुलगी नको म्हणेल म्हणून मी ते नवे छर्रे जुन्या, चांगल्या डबीत ओतले आणि झाकण लावून ठेवले. तेलाच्या डब्यात हलके तेल ओतणाऱ्या वाण्याला आपण काय म्हणतो? मी तेच घरात केले, आणि तेही पोटच्या मुलीशी.

तिचे गुण ६१० च्या आसपास येत. पंधरवड्यात ते ६०० च्या खाली आले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, झोप नीट झाली नाही. मग म्हणाली, हात हलतो. मग पहाटे पाचला उठून रायफल खांद्याला लावून उभी राहू लागली. जेवणावरचे तिचे मन उडाले. एका रात्री अंथरुणात मला म्हणाली, "आई, माझ्यात काही नाहीच. तुझ्या पाटल्या उगाच गेल्या." मी तिच्या डोक्यावरून हात फिरविला आणि गप्प राहिले. भगिनींनो, मला संशय आला नव्हता असे नाही. आला होता. परंतु कबूल करण्याची लाज वाटली.

शनिवारी मी तिला आणावयास गेले आणि बाहेर बाकावर बसले. आत सर तिची उभे राहण्याची पद्धत पाहत होते, डोळ्यापुढची जाळी तपासत होते, हवेचा दाब पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "पेलेट बदललेस का?" ती म्हणाली, "नाही सर, तीच डबी." आणि तिने झाकण दाखविले. माझी लेक खरे बोलत होती आणि डबी खोटे बोलत होती. मला बाकावर बसवेना. मी आत गेले आणि सरांसमोर सांगून टाकले.

सरांनी मला एक शब्द लागेलसा बोलला नाही. ते म्हणाले, "वहिनी, आता आपण पाहूच." त्यांनी रायफल लोखंडी क्लँपमध्ये घट्ट आवळली, म्हणजे माणसाचा हात मध्ये नको. माझ्या छर्ऱ्यांचे दहा बार एकाच निशाणावर काढले. दहांचे मिळून जे भोक पडले ते ९ मिलिमीटर रुंद. मग चांगल्या जातीचे दहा काढले. भोक साडेपाच मिलिमीटर. छर्राच मुळी साडेचारचा, म्हणजे दहाही जवळजवळ एकावर एक बसले होते. मुलगी दोन्ही कागद हातात धरून किती तरी वेळ पाहत राहिली. घरी येताना मात्र ती माझ्याशी बोलली नाही.

रात्री ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "अगं, शतांश मिलिमीटर चुकला तर आमच्याकडे माल परत येतो. तू तर डबीच बदललीस." मग मुलगी म्हणाली, "आई, पैसे नव्हते तर मला सांगायचंस. मी कमी गोळ्या मारल्या असत्या." एवढेच. मी रागावण्याची वाट पाहत होते. त्या शांत बोलण्याने मला अधिक लागले.

आता जे शिकले ते क्रमाने सांगते. ज्या भगिनींची मुले या खेळात आहेत त्यांना उपयोगी पडेल.

एक, डबीच्या झाकणावर वाचावयाचे असते. जात कोणती, वजन किती आणि डोक्याचा आकार किती. रायफलीचा छर्रा सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त भरतो. डोक्याचा आकार ४.४९, ४.५०, ४.५१ असा निरनिराळा मिळतो. फरक शतांश मिलिमीटरचा, परंतु प्रत्येक रायफलीची नळी आपली आवड निवडते. शेजारणीच्या मुलीला जो मानवला तो आपल्या मुलीच्या रायफलीला मानवेलच असे नाही. सगळ्यांत महाग तोच उत्तम असेही नाही.

दोन, आधी दोन-तीन प्रकारांची एकेकच डबी घ्यावी किंवा सरांकडून थोडे थोडे नमुने मागावेत. रायफल क्लँपमध्ये धरून प्रत्येकाचे दहा-दहा बार काढावेत. जात बदलली की पहिले काही बार मोजू नयेत. ज्याचे भोक सर्वांत लहान, तो आपला.

तीन, ठरले की एकाच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या एकदम घ्याव्यात. हे आपल्याला समजावून सांगावयास नको. स्वेटर विणताना लोकर एकाच लॉटची घेतली नाही तर बाही निराळ्या रंगाची होते की नाही? तसेच हे. ५० मीटरच्या काडतुसांसाठी तर मोठे नेमबाज जर्मनीत आणि इंग्लंडात कारखान्यात रायफल घेऊन जातात आणि तिथेच निरनिराळे लॉट तपासून आपला लॉट निवडतात.

चार, डबी हलवू नये, आपटू नये, या डबीतून त्या डबीत ओतू नये. घेर चेपतात. चेपलेला आणि पांढरी भुकटी धरलेला छर्रा बाजूला काढावा. डबी कोरड्या जागी ठेवावी.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. छर्रा शिशाचा आहे आणि शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट, आणि गरोदर बाईनेही जपावे. छर्रे तोंडात धरू नयेत. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय लाडूसुद्धा खाऊ देऊ नये. सरावाचे कपडे निराळे धुवावेत. ज्या पेटीत छर्रे पडतात तिथे कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आणि डबी स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. आमच्या धाकट्याने एकदा ती बडीशेपेची समजून उघडली होती.

मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारले होते, की रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून पैसे वाचत नाहीत का? प्रश्न बाईमाणसाचा आणि शहाणपणाचा आहे. अमेरिकेत हौशी लोक मोठ्या काडतुसांच्या पुंगळ्या घरी भरतात. परंतु आपल्याकडे काडतुसे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतात. परवान्यावर लिहिली तेवढीच ती घेता येतात, आणि घरी भरण्याचा विचारही करू नये. शिवाय ५० मीटरच्या .२२ काडतुसाची ठिणगी पुंगळीच्या कडेतच बसविलेली असते, ती एकदा उडाली की संपली. आणि हवेच्या छर्ऱ्याला तर पुंगळीच नाही. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक जोराच्या आतील हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र द्यावे आणि पावती जपून ठेवावी.

मग काटकसर करावयाची तरी कशी? ती मला मुलीनेच शिकविली. आठवड्यातून तीन दिवस ती रायफल न भरता घरी भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरते. उभे राहणे, श्वास रोखणे, घोडा हळुवार ओढणे, हे सर्व त्यात होते आणि पैसा एक लागत नाही. माझे ते स्वस्त छर्रेही फुकट गेले नाहीत. ते आता त्यांच्याच डबीत आहेत आणि वर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, "फक्त सुरुवातीच्या सरावासाठी." ती पाटी रोज माझ्या नजरेस पडते. पडू दे. चांगली डबी आता दोन आठवडे पुरते. गुण पुन्हा ६१० वर आले, आणि गेल्या महिन्यात एकदा ६१४ झाले.

म्हैस घ्यावी आणि वैरणीला हात आखडावा, असे माझे झाले होते. पण खरी चूक हात आखडण्यात नव्हती. गरिबाच्या घरात हात आखडावा लागतोच. चूक लपविण्यात होती. आपण मुलांपासून पैशाची अडचण लपवितो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आणि मूल मग त्या अडचणीचा दोष स्वतःच्या हातात शोधत बसते. माझी लेक पंधरा दिवस स्वतःला नालायक समजत होती आणि तिचा हात बिचारा अगदी स्थिर होता.

म्हणून भगिनींनो, मुलांच्या वस्तूंत काटकसर अवश्य करा, परंतु त्यांना सांगून करा. डबीत जे असेल तेच झाकणावर असू द्या.