शाई आणि शिधा



म्हैसूर म्हटलं की दसरा, चंदन आणि म्हैसूरपाक आठवतो. मला मात्र इथल्या आणखी दोन जिनसा आठवतात. एक, मतदाराच्या बोटाला लावतात ती न पुसणारी शाई. 1962च्या निवडणुकीपासून ती इथल्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निशच्या कारखान्यात बनते. दुसरी, जवानांचा शिधा. 1961च्या डिसेंबरात संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा इथेच सुरू झाली. महिनोन्‌महिने टिकणारी चपाती, नुसता गरम करून खायचा पुलाव असल्या पदार्थांवर तिथे काम झालं.

आता प्रश्न असा, की बोटाला शाई लावून घेणारा माणूस त्या शिध्यासाठी पोटाला चिमटा घेईल का? लोकशाहीतल्या लोकांना युद्ध पेलत नाही, असं म्हणणारे व्हिएतनामकडे बोट दाखवतात. पण तिथल्या युद्धात अमेरिकी सरकार विजय जवळ आल्याचं सांगत राहिलं आणि 1968च्या जानेवारीत शत्रू थेट सायगावच्या रस्त्यांवर उतरला. माणसं लढाईला कंटाळली, त्याहून जास्त थापांना कंटाळली.

आपल्याकडे फेब्रुवारी 1962मध्ये शाई लागली आणि ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं. स्वपक्षाच्याच खासदारांनी जाब विचारला, तेव्हा नेहरूंना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण सह्याद्रीला बोलावणं गेलं, ते कुणीतरी प्रश्न विचारले म्हणून!

पुढे 1965मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी धान्याची तंगी लपवली नाही. सोमवारी एक वेळ जेवू नका, असं त्यांनी सरळ सांगितलं. सोमवारचा उपास मराठी घरांना नवा नव्हता. तो महादेवाऐवजी देशासाठी धरायचा, एवढंच. घराघरांत जाऊन कोण बघणार होतं? तरी अनेकांनी तो पाळला.

एक मात्र कबूल करायला हवं. 1965ची लढाई तीन आठवड्यांत थांबली, 1971ची तेरा दिवसांत. वर्षानुवर्षं सोमवार धरायची वेळ आपल्यावर आलेली नाही. ती आली, तर नुसत्या घोषणा पुरणार नाहीत. दर सोमवारी खरा हिशेब सांगावा लागेल.

ही शाई पुसता येत नाही, पण नख वाढतं तशी ती पुढे सरकते आणि काही महिन्यांनी कापली जाते. म्हणून दर निवडणुकीला ती नव्यानं लावावी लागते. लोकांच्या निर्धाराचंही तसंच आहे.